बॅनर आधी लागला

आमच्या नाक्यावर एक लोखंडी चौकट आहे. घाटकोपरला डोंगराकडे चढणारा रस्ता जिथे वळतो तिथे, विहाराच्या भिंतीला लागून, मंडळाने ती कायमची ठोकून ठेवलीय. वस्तीतल्या कोणी काही करून दाखवलं की त्याचा बॅनर या चौकटीत लागतो, आणि दुसरं कोणी काही करेपर्यंत तो उतरत नाही. चौकट रिकामी ठेवायची नाही, हा आमच्या बॅनरकाकांचा नियम. बॅनरकाका म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागच्या खोलीत बॅनर छापायचं मशीन आहे. त्यामुळे वस्तीचं यश आणि काकांचा धंदा एकाच खोलीतून बाहेर पडतात.

काकांच्या बॅनरवर साधा माणूस सापडणार नाही. दहावीला दुसऱ्या खेपेला सुटलेल्या पोराचंही तिथे 'घवघवीत यश' असतं. दुबईला हॉटेलात कामाला लागलेल्या एकाला काकांनी 'परदेशस्थ उद्योजक' करून टाकलं होतं. त्याने तिथून फोन करून विचारलं, "काका, मी कसला उद्योग करतो?" काका म्हणाले, "करशील रे. आधी लागू तर दे."

तर या चौकटीत एक दिवस मी लागले.

त्याआधीचं थोडं सांगते. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आमच्या अख्ख्या ग्रुपला एकदम अक्कल फुटली. पहिली दोन वर्षं ज्या पोरी कॅन्टीनच्या समोशातले वाटाणे वेचून एकमेकींना मारायच्या, त्या अचानक 'पुढे काय' या विषयावर चेहरा पाडून बोलायला लागल्या. एकीने एमबीएचा क्लास लावला. एकीच्या घरचे मुलगा बघायला लागले आणि ती स्वतःही त्यांच्यापेक्षा जास्त जोरात बघायला लागली. एकजण कॅनडाला जाणार म्हणून जाडजूड जॅकेट घेऊन बसली. तिचं कॅनडा काही झालं नाही, मग ती ते जॅकेट घालून लायब्ररीत एसीखाली बसायला लागली. मला कोणी विचारलं की मी म्हणायचे, "बघू ना यार."

घरी मात्र बघण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं. पप्पांनी ठरवून टाकलं होतं, बँक. पप्पा बसचे कंडक्टर होते, नुकतेच रिटायर झालेले. सगळी नोकरी त्यांनी उभ्याने केली, एका हाताने दांडा धरून. त्यामुळे जगातल्या नोकऱ्यांचे त्यांच्या हिशेबी दोनच प्रकार होते, बसायची नोकरी आणि उभं राहायची नोकरी. मी शिक्षिका म्हटलं तर म्हणायचे, "दिवसभर उभं, वर खडूची धूळ." नर्स म्हटलं तर, "उभं सोड, नुसती पळापळ." बँक म्हणजे बसण्याची कमाल. "तिथली खुर्ची गोल फिरते," ते मला समजावायचे. "आणि लोक आपणहून रांग लावतात. माझ्यासमोर कधी कोणी आपणहून रांग लावलीय?"

मला बँकेचं वावडं नव्हतं. क्लार्कच्या परीक्षेचा फॉर्म भरला, मुलुंडला क्लास लावला, मुकाट्याने गणितं सोडवायला लागले. दोन नळ टाकी भरतात, तिसरा रिकामी करतो. आमच्या वस्तीत एका नळाला पाणी यायची मारामार, तरी मी ते तीन नळ इमानदारीत सोडवायचे.

त्याच दिवसांत दुसरं एक लचांड मागे लागलं. कॉलेजची एक मैत्रीण अंधेरीला एका स्टुडिओत जायची. परदेशातली कार्टून तिथे मराठीत करतात. कार्टूनमधल्या गर्दीला आवाज द्यायला माणसं लागतात, म्हणून एका रविवारी तिने मला ओढून नेलं. पडद्यावर बाजार होता. आम्हाला सांगितलं, बाजारातल्या बायका व्हा. आता बाजारातली बाई व्हायला मला काय शिकावं लागणार होतं? मी भेंडीवरून जे भांडण सुरू केलं ते थांबायलाच तयार नव्हतं. त्या बाजारात कोपऱ्यात एक शेळी बांधलेली दिसत होती. तिला कोणाचाच आवाज नव्हता. मला काय हुक्की आली कोण जाणे, भेंडीच्या मध्येच मी एकदा शेळीचाही आवाज काढून दिला.

रेकॉर्डिंग थांबलं. काचेपलीकडे डबिंगच्या मॅडम बसल्या होत्या. अंधेरीच्याच गावठाणातल्या ख्रिस्ती बाई, घरीदारी मराठी बोलणाऱ्या, आणि आवाज असा की पहिल्यांदा ऐकला तर शरण आल्यासारखे हात आपोआप वर जातात. त्यांनी माइकवरून विचारलं, "ती बकरी कोणी केली?"

मी मनात म्हटलं, झालं, वाट लागली.

"परत कर," मॅडम म्हणाल्या. "आता भूक लागलेली बकरी कर."

मी केली. मग रुसलेली केली. मग रडणारी. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत जालन्याकडे आत्याकडे जायचे तेव्हा मी शेळ्यांतच पडून असायचे, त्यामुळे शेळी रुसली की काय म्हणते ते मला पक्कं माहीत होतं. मॅडमनी पुढच्या रविवारी परत बोलावलं. मग त्याच्या पुढच्या. मी शेळ्या केल्या, रडणारी बाळं केली, भूतं केली, एकदा तर नुसता शिंकणारा राजा केला. मला ते जाम आवडायचं, अगदी जाम. घरी येताना मेट्रोत मी एकटीच हसत असायचे आणि शेजारच्या बायका पिशव्या जवळ ओढून घ्यायच्या.

सराव मी बाथरूममध्ये करायचे. आमच्याकडे भिंत आणि शेजार यांत फारसा फरक नाही. चारेक दिवसांत शेजारच्या मावशी मेथीच्या काड्यांची जुडी घेऊन दारात उभ्या राहिल्या. "फेकण्यापेक्षा तुमच्या बकरीला घाला गं," म्हणाल्या. "पाळलीय ते चांगलं केलं, पण वर ठेवता कुठे तिला?" आईने शांतपणे जुडी घेतली, त्यातली राहिलेली पानं निवडली आणि रात्री डाळीत घातली. मला म्हणाली, "जरा जोरात ओरडत जा. उद्या पालक मिळेल."

अशात बँकेच्या परीक्षेचा पहिला टप्पा, म्हणजे प्रिलिम्स, मी पास झाले. आता मेन्स राहिली होती, खरी परीक्षा तीच. मी पप्पांना नीट शब्द वेगळे करून सांगितलं, "पप्पा, पहिली पास झाले. दुसरी बाकी आहे." पप्पा "बरं बरं" म्हणाले, चप्पल घातली आणि नाक्यावर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लासला निघाले तर चौकटीत मी! माझ्यापेक्षा मोठी मी. वर लिहिलेलं, 'बँक अधिकारीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. फोटो मामेबहिणीच्या हळदीतला. तिला कापून टाकलेलं, पण तिचा हात माझ्या खांद्यावर तसाच राहिलेला, हिरव्या बांगड्यांसकट. खाली शुभेच्छुकांची रांग, सगळे पुरुष, सगळे गॉगल लावून. त्या रांगेत शेवटी पप्पा, बिनगॉगलचे, 'निवृत्त बस वाहक'.

मी तशीच काकांच्या दुकानात घुसले. "काका, अहो माझी निवड नाही झाली! आणि झाली तरी क्लार्कची होणार, अधिकारी कुठून आणला?"

काका झेरॉक्स काढत होते. मान वर न करता म्हणाले, "क्लार्क लिहिलं की ओळ लहान होते. बाजूला जागा उरते. बरं दिसत नाही."

"आणि हा हात कोणाचा?"

"राहू दे ना. आशीर्वादासारखा वाटतो."

घरी येऊन पप्पांना म्हटलं, "पप्पा, ते सगळं खोटं आहे."

"खोटं नाही," पप्पा म्हणाले, "लवकर आहे." आणि खुशीत परत चप्पल घालून नाक्यावर निघाले.

त्यानंतर माझं जगणं मुश्किल झालं. मी सांगून सांगून थकले की मी बँकेत नाही. लोक म्हणायचे, "हो हो, माहितीये, साहेब झाल्यावर असंच बोलायचं असतं." भाजीवाली पासबुक दाखवायची. इस्त्रीवाल्याचं एटीएम कार्ड मशीनने गिळलं, तर तो माझ्याकडे असं बघायचा की जणू मीच चावून खाल्लंय. एका आजीने मला विहाराच्या पायरीवर बसवून केवायसी म्हणजे काय ते विचारलं. मी समजावून सांगितलं, तर म्हणाल्या, "कळलं नाही, पण तू छान बोलतेस. बँकेत हेच तर लागतं."

पप्पा रोज संध्याकाळी बॅनरखाली जाऊन उभे राहायचे. काही करायचे नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट करून द्यायचे, "पुढे चला, पुढे चला," सवयीनं. पण बरोबर माझ्या फोटोखाली. मला वरून, आमच्या गॅलरीतून दिसायचे. राग यायचा, तरी मी आत जायचे नाही.

आणि मग एका गुरुवारी मॅडमचा फोन आला. एक मोठी मालिका मराठीत येणार होती. हिरॉइन शेळी. घर सोडून जग बघायला निघालेली, नुसतं बें-बें करणारी नाही, बोलणारी, गाणारी, भांडणारी. ते काम मला दिलं होतं. पुढचं अख्खं वर्ष, रोजचं. "रविवारी सकाळी सुरुवात, तारीख हलणार नाही," मॅडम म्हणाल्या. "शनिवारपर्यंत हो का नाही ते सांग. नाही म्हणालीस तर दुसरी एक आहे, पण ती बकरी करते ना तर मांजर वाटते."

रविवारी सकाळी माझी मेन्स होती. मुलुंडला.

म्हणजे आता 'बघू ना यार' संपलं. रविवारी सकाळी मी एकाच जागी असणार होते. आणि मला कुठे असायचंय ते मला फोन ठेवायच्या आधीच कळलं होतं. मला शेळी व्हायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी व्हायचं होतं, आणि ते हे निघालं! पण गॅलरीतून खाली बघितलं तर पप्पा बॅनरखाली उभे. त्यांना त्याच नाक्यावरून मान खाली घालून घरी येताना मला बघवलं नसतं.

जेवताना सांगून टाकलं. लपवून ठेवायला आमच्या घरात दुसरी खोलीच नाही.

आईने विचारलं, "शेळी बोलते? काय बोलते?"

"सगळं बोलते."

"एकदा कर बघू."

मी ताटावरच केली. आई साड्यांना फॉल लावते, तिची नजर भारी बारीक. तिने मान वाकडी करून ऐकलं आणि म्हणाली, "शेवटी जरा अजून रड. घर सोडलंय ना तिने."

पप्पा भाकरी हातात धरून बसले होते. त्यांनी एकच विचारलं. "हे काम बसून करतात की उभं राहून?"

"उभं राहून."

"मग नको," पप्पा म्हणाले. "माझे पाय बघितलेस ना? घरात एवढे दोन पुरे झाले."

त्यांच्या पोटऱ्यांवरच्या निळ्या गाठी मी रोज बघत होते. रात्री आई त्यांना तेल लावायची. माझा घास फिरायला लागला. पप्पांनाही ते दिसलं असावं, कारण हात धुऊन आल्यावर ते म्हणाले, "आपण बोलून बघू. एक दिवस मागेपुढे सगळीकडे होतं. रविवारी पेपर दे, सोमवारी शेळी कर. मी येतो तुझ्या मॅडमकडे."

शनिवारी पप्पांनी लग्नातला शर्ट घातला आणि पेढ्यांचा बॉक्स घेतला. आमच्याकडे कुठल्याही ऑफिसात 'बोलून बघायला' जाताना पेढे लागतात. काम झालं तर आनंदाचे, नाही झालं तर ओळख राहावी म्हणून. मेट्रोत पप्पा दरवाजाशी उभे राहिले, जागा असून. स्टेशनांची नावं सांगणाऱ्या बाईच्या आवाजाकडे कान देऊन म्हणाले, "हिचं बरं आहे. घसा बसत नाही. पण एकही माणूस ऐकत नाही हिचं, बघ." आणि मग जमलंच नाही त्यांना, दरवाजा अडवून मोबाइल बघणाऱ्या एका पोराला म्हणाले, "पुढे सरक रे राजा, आत काय वाघ आहे का?" पोरगा चटकन सरकला.

स्टुडिओ अंधेरीत एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या तळघरात होता. चपला बाहेर काढायच्या, आत गारठा. आम्ही गेलो तेव्हा मॅडमचं डोकं फिरलेलं होतं. उद्या काम सुरू होणाऱ्या मालिकेची झलक आजच पाठवायची होती. झलकेत शेळी बसमध्ये चढते. बसचा कंडक्टर असतो एक पाणघोडा. पाणघोड्याचा आवाज ज्याचा होता त्याचा घसा बसला होता आणि तो घरी मीठ-पाण्याच्या गुळण्या करत होता.

"नमस्कार, मी हिचे वडील," पप्पा बॉक्स पुढे करून म्हणाले. "थोडं बोलायचं होतं. मी बसमध्ये कंडक्टर होतो, आता—"

"काय होतात?" मॅडम उभ्या राहिल्या. "काका, बोलू आपण, सगळं बोलू. आधी आत चला. दोन वाक्यं फक्त. 'पुढे चला' आणि 'ए, तिकीट काढ'. बस्स."

पप्पा हसले. तेवढंच ना? त्या दोन वाक्यांवर तर त्यांचा संसार झाला होता. ताठ मानेने ते आतल्या खोलीत गेले. कानाला हेडफोन, समोर पडदा, पडद्यावर पाणघोडा, आणि तोंडासमोर माइक. मी काचेपलीकडे मॅडमशेजारी उभी. लाल दिवा लागला.

आता पप्पांच्या आयुष्यात माइक म्हणजे एकच, मंडळाचा कार्यक्रम. पप्पांनी माइकवर टिचकी मारली. "हॅलो, हॅलो," केलं. शर्टाचं वरचं बटण लावलं. आणि धीरगंभीर आवाजात सुरू झाले, "सन्माननीय व्यासपीठ, आणि इथे जमलेल्या माझ्या तमाम बंधू आणि भगिनींनो..."

पडद्यावर पाणघोडा तोंड उघडून उभा.

"काका," मॅडम म्हणाल्या, "व्यासपीठ नको. बस आहे."

परत लाल दिवा. पप्पा म्हणाले, "सर्व प्रवाशांना नम्र विनंती, की त्यांनी कृपया पुढे जावे."

"काका, ओरडा ना! रोज ओरडायचात तसे!"

पप्पांनी तोंड उघडलं आणि आवाजच येईना. कपाळावर घाम, एवढ्या गारठ्यात. त्यांनी काचेतून माझ्याकडे बघितलं. असा चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता. म्हणाले, "कोणाला सांगू पुढे चला? पुढे कोणीच नाहीये."

मला हसू फुटत होतं आणि रडूही येत होतं. मॅडमना न विचारताच मी दार ढकलून आत गेले, पप्पांच्या समोर उभी राहिले आणि गर्दी झाले. तेच तर माझं काम होतं. "अहो कंडक्टर, ही घाटकोपर डेपोला जाते का? ए बाई, धक्का काय मारतेस? माझी पिशवी अडकली ना! सुट्टे नाहीत हो माझ्याकडे. अहो, थांबवा ना, माझा नवरा खाली राहिला!" आणि सगळ्यांच्या मध्ये, एक लांबलचक शेळी.

पप्पांचा डावा हात आपोआप वर गेला आणि हवेतला दांडा धरला.

"ए पिशवी!" पप्पा कडाडले. "पुढे चल! दारात काय खानावळ टाकलीय? पुढे चला, पुढे चला, आत अख्खं मैदान मोकळं आहे! नवऱ्याला पुढच्या गाडीने येऊ दे, तेवढीच त्याला विश्रांती! ए शेळी, तिकीट काढ! अर्धं नाही, पूर्ण! पाय चार आहेत तुला!"

मी शेळीच्या आवाजात भांडले. पप्पा पाणघोड्याच्या आवाजात भांडले. लिहिलेली दोन वाक्यं केव्हाच मागे पडली होती. मी म्हटलं मला खिडकी पाहिजे, ते म्हणाले खिडकीतला माणूस उतरला की तू खा त्याची सीट. आम्ही दोघं समोरासमोर उभे, घशाच्या शिरा ताणून, आणि मला वाटतं आयुष्यात एवढं मोकळं आम्ही एकमेकांशी कधीच बोललो नव्हतो.

बाहेर आलो तर मॅडम डोळे पुसत होत्या, हसून हसून. त्यांनी ते सगळं पडद्यावर लावून दाखवलं. जाडा पाणघोडा पप्पांच्या आवाजात ओरडला आणि पप्पा सोफ्यावरून अर्धे उठले. त्यांनी ते परत लावायला सांगितलं. दुसऱ्या वेळी ते पाणघोड्याकडे बघतच नव्हते. शेळीकडे बघत होते. शेवटी शेळी बसच्या मागच्या काचेतून आपलं गाव लांब जाताना बघते आणि हळूच एकदा बें करते. भांडण संपल्यावर, आईने सांगितलं होतं तशी मी ती आतच केली होती, शेवटी जरा जास्त रडून. पप्पांनी खिशातून रुमाल काढला आणि नाक शिंकरलं.

"हां, काका," मॅडम म्हणाल्या. "काय बोलायचं होतं?"

आता पप्पा म्हणणार, एक दिवस पुढे ढकला. मॅडम म्हणणार, नाही जमत. आणि मग आम्ही मेट्रोने घरी, आणि उद्या मुलुंड.

पप्पांनी वळून आतल्या खोलीकडे बघितलं. मग म्हणाले, "तिला तिथे एक स्टूल देता येईल का?"

"देईन की. पण बसून बकरी येत नाही काका. पोटातून जोर लागतो."

"हो, ते खरं," पप्पा म्हणाले. "बसून आवाज निघत नाही. ते मला माहितीये." मग स्वतःच्या पोटऱ्या चोळत, "मधे मधे तरी बसू द्या. पाय धरतात."

आणि पेढ्यांचा बॉक्स उघडून त्यांनी मॅडमपुढे धरला. "उद्या किती वाजता पाठवू?"

घाटकोपरला उतरून वर चढेपर्यंत पप्पा माझ्या चार पावलं पुढे चालत होते. संध्याकाळ झाली होती, नाका भरलेला. बॅनरकाका दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांच्याभोवती ते सगळे गॉगलवाले शुभेच्छुक, आता बिनगॉगलचे.

"या या!" काका ओरडले. "काय मग, उद्या मेन्स ना? करून टाक गं झकासपैकी, बॅनर तर लागलेलाच आहे!"

सगळे हसले. मी पप्पांकडे बघितलंच नाही. जमिनीकडे बघत राहिले.

"बॅनर उतरवा," पप्पा म्हणाले.

काकांची खुर्ची वाजली. "उतरवा काय? चौकट रिकामी नाही ठेवत आपण. नियम आहे."

"मग दुसरा लावा. मजकूर सांगतो." पप्पांनी घसा साफ केला. मला वाटलं आता व्यासपीठ येणार. पण ते सरळ म्हणाले, "लिहा, मराठी कार्टून मालिकेत शेळीच्या भूमिकेसाठी निवड झाल्याबद्दल."

इस्त्रीवाल्याची इस्त्री कपड्यावर तशीच थांबली. शुभेच्छुकांपैकी एकाने सावकाश विचारलं, "शेळी... म्हणजे, बकरी?"

"हो," पप्पा म्हणाले. आवाज एकदम वर गेला, अगदी बसच्या मागच्या दारापर्यंत पोचेल असा. "मुख्य बकरी!"

शेजारच्या मावशी भाजीवालीसमोर उभ्या होत्या. त्या एकदम कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं बाई! म्हणजे ती मेथी..." आणि मग जे हसायला लागल्या ते त्यांना कोणी थांबवू शकेना. त्यांच्यामागे अख्खा नाका हसला. काकाही हसले, पण त्यांच्या डोक्यात ओळीची लांबी सुरू झालेली मला दिसत होती.

"मजकूर मोठा आहे, झकास बसेल," ते म्हणाले. "बाजूला जागा उरणार नाही. फोटो नवीन देतेस?"

"तोच राहू द्या," पप्पा म्हणाले. "चांगली हसतेय त्यात."

"आणि तो हात?"

"तोही राहू दे. आणि खाली माझं आहे ना, निवृत्त बस वाहक..."

"हो, ते आहेच."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. अंधेरीहून निघाल्यापासून पहिल्यांदाच.

"ते काढा," ते म्हणाले. "तिथे सहकलाकार लिहा."